जोर काढणे आणि शरीर कमावणे

आमच्या इमारतीच्या जिन्याची एक पायरी सोळा सेंटिमीटर उंच आहे. गेल्या जूनमध्ये मी ती शाळेच्या फुटपट्टीने मोजली आणि दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. पाचवी पायरी म्हणजे ऐंशी सेंटिमीटर, चौथी चौसष्ट, तिसरी अठ्ठेचाळीस, दुसरी बत्तीस, पहिली सोळा आणि त्याखाली जमीन. पाचव्या पायरीवर हात टेकून, अंग फळीसारखे ताठ ठेवून छाती पायरीपर्यंत नेणे आणि परत वर येणे हे मला त्या दिवशी सहा वेळा जमले. जमिनीवर एकदाही जमत नव्हते. मी त्रेचाळीस वर्षांची होते, वजन बासष्ट किलो होते आणि त्याआधी व्यायाम म्हणून मी चालण्यापलीकडे काही केलेले नव्हते.

सुरुवातीचे कारण मी नव्हे, आई. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी शेजारी गेलो. सतरंजीवर बसून वाण घेऊन झाले आणि उठायच्या वेळी आईला उठता आले नाही. दुखत काही नव्हते. तिने दोन्ही हात जमिनीवर टेकले, एक गुडघा वर घेतला आणि तिथेच थांबली, कारण पुढचे अंग उचलायला मांडीत ताकद उरली नव्हती. दोघींनी बगलेत हात घालून तिला उठवले. नंतर घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिशीनंतर वापर नसेल तर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो, हे मी पुढे वाचले. पण ते वाचण्यापूर्वीच त्या सतरंजीवर मी स्वतःला आणखी अठ्ठावीस वर्षांनी पाहिले होते.

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला ताकदीची भाषा शिकावी लागत नाही, ती कानावर पडतच असते. पेठेपेठेत तालीम आहे, घरोघरी कोणी ना कोणी लाल मातीत उतरलेला आहे, आणि आमच्या घरातले ते माणूस म्हणजे माझे थोरले चुलते, तात्या. ते आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. रविवारी सकाळी भाजी घेऊन येतात आणि चहा घेऊन जातात. मी जिन्यात काय करते हे त्यांना पहिल्याच रविवारी कळले. मी त्याला पुश-अप म्हणत होते, ते जोर म्हणाले. खरे तर तालमीतला जोर थोडा निराळा असतो. त्यात कंबर मागे वर न्यायची, मग छाती जमिनीलगत घासत पुढे काढायची आणि पुन्हा मागे जायचे. तरीही त्यांचा शब्द मला अधिक आवडला, कारण मराठीत व्यायामाचे आणि शक्तीचे नाव एकच आहे आणि त्याला जोडून येणारे क्रियापद ‘काढणे’ हे आहे. माणूस जोर काढतो. विहिरीतून पाणी काढावे तसा, आत असलेला बाहेर काढतो.

या एका क्रियापदात पहिल्या दोन महिन्यांचे सगळे शरीरशास्त्र सामावलेले आहे, असे मला आता वाटते. जूनच्या बारा तारखेला पाचव्या पायरीवर सहा जमत होते, महिना संपेपर्यंत मी चौथ्या पायरीवर आले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या पायरीवर आठ काढू लागले. आरशात दंड होता तसाच होता. ब्लाउजच्या बाह्या होत्या तशाच बसत होत्या. मग ही ताकद आली कुठून? १९७९ साली तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डिव्हरीज या दोन संशोधकांनी याचा माग काढला होता. त्यांनी काही जणांना आठ आठवडे एकाच हाताचा व्यायाम दिला आणि दोन्ही हात मोजले. व्यायाम केलेला हात सशक्त झालाच, पण ज्या हाताने काही केले नव्हते त्याचीही ताकद वाढली, आणि त्याचा आकार मात्र वाढला नव्हता. स्नायू न वाढता ताकद वाढली याचा अर्थ वाढ स्नायूच्या वर, मेंदू आणि मज्जातंतूंच्या पातळीवर झाली होती. पहिल्या तीन ते पाच आठवड्यांतल्या वाढीचा मोठा वाटा याच शिकण्याचा असतो आणि स्नायूच्या जाडीचा वाटा त्यानंतर वाढू लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नवख्या माणसाचे शरीर असलेला स्नायू पुरता वापरत नाही. एका मज्जापेशीच्या हुकमतीत स्नायूचे काही तंतू असतात. हलक्या कामाला छोटे गट पुढे येतात आणि भार वाढला की मोठ्या गटांना बोलावणे जाते, पण सवय नसलेल्या मेंदूला ते बोलावणे पूर्ण आणि एकाच वेळी पाठवता येत नाही. शिवाय छाती, खांदा, दंड आणि पोट यांनी एकमेकांशी जुळवून घेतलेले नसते. छाती ढकलत असते तेव्हा कंबर खाली लोंबत असते. पहिल्या काही आठवड्यांत हे जुळते. म्हणून पहिले दोन महिने माणसाला भराभर यश मिळते आणि तो वेग असाच राहील, अशी त्याची समजूत होते. माझीही तशीच समजूत झाली होती. वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला होता की गणपती उठेपर्यंत दुसरी पायरी आणि दसऱ्याला जमीन.

ऑगस्टच्या मध्यापासून आकडा थांबला. तिसऱ्या पायरीवर आठ, मग आठ, सात, आठ, एकदा नऊ, पुन्हा सात. गणपती आले आणि गेले. वहीची ती पाने आज चाळताना दिसते की मी आकड्यांखाली दोनदोनदा रेघा ओढल्या आहेत, जणू रेघ ओढल्याने आकडा मोठा होणार होता. या टप्प्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या माणसांनी घरच्या घरी व्यायाम सुरू केला आणि सोडला त्यांपैकी बहुतेकांनी तो याच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सोडला. आळस हे त्याचे कारण नव्हते. आपल्या शरीराची मर्यादा आली, आपल्यात एवढेच होते, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला. ‘तीस दिवसांत शंभर’ असली आव्हाने मोबाइलवर पसरवणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी की ते पहिल्या महिन्याचा वेग दाखवतात आणि तिसऱ्या महिन्यात माणसाला एकटे सोडतात.

मराठीत दुसरे एक क्रियापद आहे. आपण जोर काढतो, पण शरीर कमावतो. कमावलेले अंग, कमावलेला आवाज, आणि आमच्या कोल्हापुरात ज्याच्या चपला होतात ते कमावलेले कातडे. ते कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवत ठेवावे लागते, आणि ते एका दिवसाचे काम नाही. तिसऱ्या महिन्यात माझे काढायचे तेवढे काढून झाले होते आणि आता कमावणे सुरू व्हायचे होते. कमावणे म्हणजे खरोखरीचे बांधकाम. व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस स्नायूमध्ये नवी प्रथिने बनण्याचा वेग वाढलेला असतो, त्यातून तंतू किंचित जाड होतो, आणि हा किंचितपणा इतका लहान असतो की तो दिसायला आणि मोजता यायला आठवड्यांमागून आठवडे जावे लागतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्याहूनही सावकाश बदलतात, कारण त्यांना रक्ताचा पुरवठा कमी असतो. वहीत आकडा आठवर थांबलेला असतो तेव्हा आत काम बंद पडलेले नसते, पण ते काम आकड्याला कळायला वेळ लागतो.

त्यात शरीराच्या वजनाच्या व्यायामाची एक स्वतंत्र अडचण आहे. लोखंड उचलणारा एक-दोन किलोची चकती वाढवू शकतो, आपण आपले अंग एक किलोने जड करू शकत नाही. हातांची उंची बदलली की हातांवर येणारा भार बदलतो एवढेच आपल्या हाती असते. जमिनीवर सरळ पुश-अप करताना वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो, तीस सेंटिमीटर उंचीवर हात ठेवले तर तो ५५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि साठ सेंटिमीटरवर ४१ टक्क्यांच्या. माझ्या बासष्ट किलोंत हिशेब केला तर चौथ्या पायरीवर जवळपास पंचवीस किलो, तिसरीवर एकोणतीस-तीस, दुसरीवर चौतीस आणि जमिनीवर चाळीस होतात. तिसऱ्या पायरीवर मी स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला सिलिंडर ढकलत होते, कारण १४.२ किलो गॅस आणि टाकी मिळून तोही तीसच्या घरात जातो. तिथून दुसऱ्या पायरीवर जायचे म्हणजे एकदम चार-पाच किलोंची उडी होती. कोणताही शहाणा शिक्षक नवख्याच्या हातात एका रात्रीत एवढे वजन वाढवून देणार नाही, आणि मला मात्र वाटत होते की फक्त एक पायरी तर उतरायची आहे.

मी ती उडी मारली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी ठरवले की तिसरी पायरी हलत नसेल तर दुसरीवर जाऊन, जमतील तेवढे, पण रोज काढायचे. तीन, तीन, दोन, तीन असे नऊ दिवस सलग काढले. दहाव्या दिवशी सकाळी भाकरी थापताना उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ गेली की पिठाचा गोळा परातीत तसाच राहिला. ओले कपडे पिळता येईनात, बरणीचे झाकण फिरवता येईना. फिजिओथेरपिस्टने कोपर दाबून पाहिले, मी काय करत होते ते शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की स्नायू कदाचित तयार असेल, पण कंडरा तयार नव्हती आणि तिला मध्ये विसाव्याचा दिवसही मिळाला नव्हता. तीन आठवडे ढकलण्याचा कोणताही व्यायाम नाही, हलके ताण तेवढे द्यायचे, आणि पुन्हा सुरू करताना दिवसाआड करायचे.

त्या तीन आठवड्यांत मी व्यायाम सोडणार होते. तात्यांनी मला सोडू दिला नाही, पण समजूत वगैरे काही घातली नाही. ते जिन्याच्या कठड्याला टेकून बसले आणि त्यांनी स्वतःच्या तालमीतल्या पहिल्या दिवसांबद्दल सांगितले. चौदाव्या वर्षी ते तालमीत गेले. पहिल्या सहा महिन्यांत त्यांना कोणी कुस्ती धरू दिली नाही. पहाटे उठून खोऱ्याने हौद उकरायचा, वर्षानुवर्षे तेल, ताक, हळद आणि कापूर जिरलेली ती जड लाल माती खालची वर करायची, मग मोजक्या बैठका आणि मोजके जोर. वस्तादांनी सांगितल्यापेक्षा एक जरी जास्त काढला तरी रागे भरले जायचे. “आम्हाला वाटायचं, वस्ताद आम्हाला नुसतं राबवून घेत्यात,” तात्या म्हणाले. “हौद उकरून उकरून पाठ आन् मनगाटं कवा तयार झाली ते कळलं न्हाई बघ.”

नोव्हेंबरच्या मध्यावर मी पुन्हा तिसऱ्या पायरीवर हात टेकले तेव्हा तात्या समोर उभे होते. मी आठ काढले आणि वर पाहिले.

“किती झाले?”

“आठ झाले, तात्या.”

“न्हाई. पाच झाले. पुढचे तीन तू काढले न्हाईस, खांदा कानाला लावून ढकलले. पुन्यांदा दाव, आन् वर जायचं मी बघणार न्हाई. खाली कशी उतरतीस तेवढं दाव.”

मी खाली आले ती धपकन आले. तेव्हाच मला शाळेतले सूर्यनमस्कार आठवले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या संस्थानच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजवले आणि त्यांच्या खटपटीने ते महाराष्ट्रभर पोहोचले. रथसप्तमीला आम्हीही शाळेच्या मैदानावर ते घालत असू. त्यात हातांवर तोललेले ताठ अंग साष्टांग स्थितीकडे खाली नेण्याचा एक क्षण येतो, आणि तिथे आम्ही सगळ्या मुली अंग सोडून देत असू. नमस्कारात बळ लागणारी जी जागा आहे ती आम्ही दर वेळी टाळून पुढे गेलो होतो. माणसाचा स्नायू आखडताना जेवढा भार उचलू शकतो त्यापेक्षा जास्त भार तो लांबत असताना पेलू शकतो. म्हणून जो जोर वर नेता येत नाही तोही सावकाश खाली आणता येतो, आणि त्या उतरण्यातही स्नायूला खरे काम मिळते. मात्र पहिल्यांदा असे उतरले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग चांगलेच दुखते, तेव्हा थोडक्यात सुरुवात करावी.

त्या दिवसापासून मी पाच आकडे मोजत उतरू लागले. एक म्हणताना कोपर नुसते सैल होतात, दोनला खांद्यांच्या मागे पाठीत काहीतरी आवळते, तीनला दंडाच्या मागच्या बाजूला थरथर सुरू होते, चारला पोट सोडून द्यावेसे वाटते आणि पाचला छाती पायरीच्या कडेच्या फरशीला लागते, थंडीत ती फरशी गार असते. अशा पाच जोरांना पूर्वीच्या आठांपेक्षा जास्त वेळ आणि जास्त दम लागत होता. वहीत आकडा कमी झाला, पण मी पहिल्यांदाच काय लिहिते आहे हे मला कळत होते.

चार-पाच किलोंच्या उडीवर उपाय सापडला तो पाटाचा. आजीच्या काळातला सागवानी पाट आमच्याकडे आहे, आठ सेंटिमीटर उंच, म्हणजे बरोबर अर्धी पायरी. तो दुसऱ्या पायरीवर ठेवला की चाळीस सेंटिमीटर होतात आणि भाराची वाढ निम्म्यावर येते. पहिल्या दिवशी तो सरकला आणि माझे काळीज हलले, तेव्हापासून त्याखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घालते. डिसेंबरमध्ये पाटासह दुसरी पायरी, जानेवारीत पाटाविना दुसरी, फेब्रुवारीत पाटासह पहिली, मार्चमध्ये पहिली. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीन फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटे पूर्ण बसून विसावा. सहा वेळा स्वच्छ जमल्याशिवाय खाली उतरायचे नाही, असा नियम तात्यांनी घालून दिला. स्वच्छ म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

खाण्याकडेही थोडे लक्ष द्यावे लागले. सर्वसाधारण माणसाला किलोमागे पाऊण-एक ग्रॅम प्रथिने पुरतात, ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात, आणि आपल्या ताटात भात-भाकरी पोटभर असली तरी तेवढी प्रथिने सहसा नसतात. दोन अंडी, वाटीऐवजी वाडगाभर मटकीची उसळ आणि रात्री दूध, इतकाच बदल मी केला. झोपेचे मात्र मला नंतर उमगले. मार्चअखेरीस हिशेबाच्या कामामुळे रात्री उशीर होत होता. त्या दोन आठवड्यांत पहिल्या पायरीवरचा आकडा सहावरून चारवर आला आणि काम संपल्यावर तीन दिवस नीट झोपताच पुन्हा सहावर गेला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी संध्याकाळी, मी जिन्याच्या पायथ्याशी फरशीवर हात टेकले. समोर कोणी नव्हते. पाच मोजत उतरले, छाती लागली, आणि मग जो क्षण आला तो मला अजून तसाच आठवतो. अंग हलत नव्हते. पूर्वी अशा वेळी मी खांदे वर ओढून धडपडत असे. या वेळी मी तशीच ढकलत राहिले, दोन-तीन सेकंद काहीच झाले नाही, आणि मग फरशी हळूहळू दूर जाऊ लागली. कोपर सरळ झाले तेव्हा मी गुडघे टेकून खाली बसले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. वहीत त्या तारखेसमोर जमीन, १, एवढेच लिहिले आहे. दहा महिन्यांत चाळीस किलो. रविवारी तात्यांना करून दाखवले तेव्हा त्यांनी कंबर जरा खाली राहते एवढे सांगितले आणि भाजीची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. त्यांच्या बोलण्यातला आनंद मी ओळखते.

आज जमिनीवर चार निघतात, त्यातले तीन तात्यांच्या हिशेबात बसतात. एका वर्षात चार, हे कोणाला सांगितले तर ऐकणारा पुढे काही बोलत नाही. पण बाजारातून दहा किलोंची पिठाची पिशवी दोन मजले चढवताना मी आता कठडा धरत नाही, आणि उजवे कोपर पुन्हा दुखलेले नाही.

आईचे काम जानेवारीत सुरू झाले. जिना तिच्यासाठी नव्हता, म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवली. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या की बसणे उंचावर येते आणि उठायला मांडीला कमी काम पडते. हात छातीवर घडी घालून ती उठते, पाच मोजत सावकाश खाली बसते, पुन्हा उठते. पहिल्या दिवशी तीन वेळा झाले आणि तिसऱ्यांदा ती अर्ध्यातून खाली बसली. मेमध्ये एक उशी काढली, जूनअखेरीस दुसरी. गेल्या गुरुवारी संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाल्यावर ती पाट घेऊन आली, जिन्यातला तोच सागवानी पाट. तिने तो खुर्चीवर नव्हे तर जमिनीवर मांडला, वर एक उशी ठेवली, त्यावर खुर्चीतली दुसरी ठेवली, आणि मला म्हणाली, “तू नुसती उभी राहा, हात देऊ नकोस.” ती बसली. दोन्ही पावले नीट मांडली, पुढे वाकली आणि थांबली. मी हात दिला नाही. दुसऱ्या खेपेला ती उठली.